केबिन क्रूच्या नोकरीतले जाहिरातीत न येणारे फायदे

प्रश्न डोंबिवलीच्या एका आईने विचारला आहे. मुलीची पदवी नुकतीच झाली आहे, मुंबई बेससाठी, म्हणजे तिची उड्डाणं मुंबईहून सुरू होतील, केबिन क्रू (एअर होस्टेस) म्हणून तिची निवड झाली आहे आणि लवकरच ट्रेनिंग सुरू होणार आहे. त्या विचारतात, ‘पगार चांगला, फिरायला मिळतं, हे सगळेच सांगतात. त्याशिवाय माझ्या मुलीला या नोकरीत काय मिळेल? आधी कुणी सांगत नाही असं काही असेल तर सांगा.’

ताई, मी पार्ल्याची. दोन दशकांहून जास्त काळ या नोकरीत आहे. आधी देशांतर्गत उड्डाणं केली, मग आंतरराष्ट्रीय, आणि आता स्वतः उडते तशी नव्या बॅचनाही शिकवते. या नोकरीत जे खरं मोलाचं आहे ते जाहिरातीत येत नाही आणि जे जाहिरातीत येतं त्याला बऱ्याच अटी असतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा आहे ट्रेनिंग. लोकांना वाटतं, मेकअप कसा करायचा, कसं चालायचं, ट्रे कसा द्यायचा हेच शिकवत असतील. तेही शिकवतात. पण खरा वेळ आणि खरी मेहनत जाते ती आग, धूर, पाणी आणि माणसाचा श्वास यांवर. विमानात क्रू किती असावेत हेसुद्धा जेवण वाढायला किती हात लागतील यावरून ठरत नाही. दर ५० आसनांमागे किमान एक क्रू, असा नियम आहे, आणि तो दारं उघडून माणसं बाहेर काढण्याच्या हिशेबाने केलेला आहे. नव्या प्रकारचं विमान बाजारात आणताना कंपनीला सिद्ध करावं लागतं, की निम्मी दारं वापरता आली नाहीत तरी भरलेलं विमान ९० सेकंदांत रिकामं होतं. प्रत्यक्षात वेळ आलीच तर ते ९० सेकंद क्रूच्या आवाजावर आणि हातांवर अवलंबून असतात. म्हणून तुमची मुलगी धुराने भरलेल्या खोलीतून वाट काढेल, पाण्यात लाइफ जॅकेट घालून राफ्टवर चढेल, अग्निशामक हातात घेऊन आग विझवेल, रबरी पुतळ्याच्या छातीवर दाब देता देता घामाघूम होईल. पोहता येत नसेल तर आत्ताच शिकायला पाठवा, ट्रेनिंगमध्ये निम्मी भीती तिथेच कमी होते.

आणि हे एकदा शिकून संपत नाही. दरवर्षी पुन्हा वर्ग, पुन्हा ड्रिल, पुन्हा परीक्षा. नापास झालं तर पास होईपर्यंत उडता येत नाही. एरवी कुठल्या नोकरीत माणसाला जीव वाचवण्याची विद्या इतक्या नेमाने घोटून घेतली जाते? ऑफिसात वर्षातून एकदा फायर ड्रिल होतं आणि लोक चहा प्यायला खाली उतरतात. आमच्याकडे हात न विचारता चालायला लागेपर्यंत तेच ते करून घेतात.

त्याचा उपयोग विमानाबाहेरच जास्त होतो, हे मला सुरुवातीला माहीत नव्हतं. आमच्या सोसायटीच्या गणपतीत आरती चालू असताना शेजारचे काका टाळ वाजवता वाजवता थांबले. चक्कर आली असेल म्हणून कुणी खुर्ची आणली, कुणी साखरपाणी. मी काकांना हसायला सांगितलं, दोन्ही हात वर करायला सांगितलं, नाव विचारलं. ओठ एका बाजूला ओढले जात होते, उजवा हात वर राहत नव्हता, शब्द घरंगळत होते. साखरपाणी मी लगेच थांबवलं, कारण अशा वेळी बऱ्याचदा गिळता येत नाही आणि पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. घड्याळ पाहून वेळ लक्षात ठेवली आणि मेंदूच्या झटक्यावर उपचार होतात अशा रुग्णालयात त्यांना थेट नेलं. मेंदूतली गुठळी विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. म्हणून डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, ‘हे नेमकं किती वाजता सुरू झालं?’ काका आज काठीशिवाय चालतात. मी डॉक्टर नाही, मी फक्त वर्षानुवर्षं शिकलेल्या चार गोष्टी ओळीने केल्या.

हृदय थांबलेल्या माणसाच्या छातीवर दाब देणंही तसंच. तीस दाब, दोन श्वास, मिनिटाला शंभर ते एकशेवीसच्या वेगाने, मोठ्या माणसाची छाती निदान पाच सेंटिमीटर खाली जाईल इतक्या जोराने. वाचून हे समजतं, पण जमत नाही, कारण खऱ्या माणसाच्या छातीवर इतका जोर लावायला हात धजत नाहीत. आमचे हात धजतात. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये अ‍ॅम्ब्युलन्स पोचेपर्यंत जी मिनिटं जातात, ती कुणीतरी भरून काढावी लागतात. तुमच्या इमारतीत आता तसं एक माणूस राहणार आहे.

आणखी एक सवय लागते. टेकऑफ आणि लँडिंगच्या वेळी आम्ही जंप सीटवर, म्हणजे क्रूसाठीच्या घडीच्या खुर्चीवर, पट्टा लावून शांत बसलेलो दिसतो. तेव्हा आम्ही विश्रांती घेत नसतो. अर्धा मिनिट मनात उजळणी चालू असते, तिला सायलेंट रिव्ह्यू म्हणतात. माझं दार कुठलं, हँडल कुठल्या दिशेने फिरतं, बाहेर आग दिसली तर काय, पहिली हाक कुठली द्यायची, जवळ कोण मदत करू शकेल, मदत कुणाला लागेल. उड्डाणानंतरची पहिली तीन मिनिटं आणि उतरण्याआधीची शेवटची आठ मिनिटं सगळ्यात सावध राहण्याची, असं आम्हाला शिकवतात. ही उजळणी पुढे आपोआप व्हायला लागते. मी दीनानाथला नाटकाला गेले तरी खुर्चीत बसल्यावर बाहेर पडायच्या दारापर्यंतच्या रांगा मोजते. त्यात घाबरटपणा नसतो. उलट ते एकदा मनात बसलं की मी निश्चिंत होऊन नाटक पाहते.

पॉवर बँकचंही सांगते, कारण हे घरोघरी उपयोगी आहे. विमानात पॉवर बँक चेक-इन सामानात ठेवू देत नाहीत, हातातल्या बॅगेतच लागते, आणि सर्वसाधारणपणे १०० वॅट-तासांपर्यंतचीच चालते. बाजारात मिळणारी २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॅट-तासांची असते. कारण सोपं आहे. लिथियमची बॅटरी पेटली तर केबिनमध्ये आम्ही ती पाहू शकतो, खाली सामानाच्या कप्प्यात पाहू शकत नाही. ज्वाळा विझल्या तरी बॅटरी आतून तापतच राहते आणि पुन्हा भडकते, म्हणून तिच्यावर पाणी ओतत राहून ती गार करावी लागते. हे कळल्यापासून आमच्या घरात उशीखाली फोन ठेवून चार्जिंग बंद आहे.

आता दुसरा फायदा. दारात उभं राहून आम्ही नमस्कार करतो, तो फक्त शिष्टाचार नसतो. तो प्रत्येक माणूस पाहण्याचा वेळ असतो. कोण लंगडतो आहे, कुणाच्या तोंडाला दारूचा वास येतो आहे, कुणाचा चेहरा पांढरा पडला आहे, कोण रडून आलं आहे, कोण धडधाकट आहे आणि गरज पडली तर दार उघडायला मदत करेल. दीडशे-पावणेदोनशे माणसं वीस-पंचवीस मिनिटांत समोरून जातात, आणि प्रत्येकाला जेमतेम काही सेकंद मिळतात. काही वर्षांत नजर इतकी तयार होते, की माणूस बोलण्याआधी त्याची निकड कळते. मुंबईहून रियाध किंवा दम्मामला जाणाऱ्या विमानात पहिल्यांदा परदेशी निघालेला कामगार लगेच ओळखू येतो. पासपोर्ट वरच्या खिशात, एक हात सतत त्या खिशावर, आणि पट्टा कसा लावायचा हे विचारायचा संकोच. त्याला चारचौघांत शिकवायचं नसतं. शेजारून जाता जाता खाली वाकून हळूच लावून द्यायचा.

आणि आपल्या मराठी आज्या! नागपूरला किंवा संभाजीनगरला जाणाऱ्या विमानात नऊवारीतली एखादी आजी पहिल्यांदा बसते, मांडीवर पिशवी घट्ट धरून. ठरलेली घोषणा दोन भाषांत होऊन जाते, तिच्यापर्यंत काही पोचत नाही. मी जवळ जाऊन म्हणते, ‘आजी, पिशवी वर ठेवू का? उतरताना मीच काढून देईन. गाव कुठलं तुमचं?’ तेवढ्याने त्या मोकळ्या होतात. मग खिडकीतून काय काय दिसतं ते मलाच सांगतात. लेकाचं नाव, सुनेची बदली, नातवाचं बारसं, सगळं कळतं. अशा माणसांसाठी आपण तिथे असतो, हे समाधान पगाराच्या स्लिपवर दिसत नाही, पण त्याच्या जोरावर पुढचे दोन सेक्टर, म्हणजे दोन उड्डाणं, थकवा जाणवत नाही. २०१७ मध्ये उडान योजनेतली उड्डाणं सुरू झाल्यापासून आणि छोट्या गावांना विमानं जायला लागल्यापासून पहिल्यांदा बसणारी माणसं मी खूप पाहिली. तुमच्या मुलीला मराठी नीट बोलता येतं, हा तिचा मोठा गुण आहे, तो तिने लपवू नये.

प्रसिद्ध माणसं भेटतात का, हे सगळे विचारतात. भेटतात. ती थकलेली असतात आणि त्यांना झोपायचं असतं. त्यांच्याबद्दल बाहेर बोलायचं नाही, हा आमचा पाळलेला नियम आहे, म्हणून हा विषय इथेच सोडते.

काम संपतं, हा तिसरा फायदा, आणि मुंबईत नोकरी करणाऱ्या माणसाला याची किंमत लगेच कळेल. विमान लागलं, प्रवासी उतरले, केबिन तपासली, कागद दिले, संपलं. घरी न्यायला फाइल नसते, रविवारी रात्री साहेबाचा फोन नसतो, सुट्टीवर असताना मागे काम साठत नाही. माझे मिस्टर खाजगी कंपनीत आहेत. रात्री जेवताना त्यांचा लॅपटॉप शेजारी असतो. माझं काम दार उघडलं की तिथेच राहतं. शिवाय दर उड्डाणाला क्रू बदलतो. एखाद्या सीनियरशी सूर जुळला नाही तर तो त्या दिवसापुरता प्रश्न असतो, पुढच्या ब्रीफिंगला, म्हणजे उड्डाणाआधीच्या बैठकीला, दुसरेच चेहरे समोर. ऑफिसातली वर्षानुवर्षं चालणारी कुरबुर इथे रुजतच नाही. मात्र याची दुसरी बाजूही तिला कळली पाहिजे. ओळख नसलेल्या माणसांबरोबर पहिल्या दहा मिनिटांत एक होऊन काम करायला शिकावं लागतं. ते जमलं की आयुष्यभर कुठेही जमतं.

सुट्टी आठवड्याच्या मधेच मिळते. सुरुवातीला मुलींना याचं वाईट वाटतं, मैत्रिणी शनिवारी भेटतात आणि आपण कोलकात्यात असतो. पण मंगळवारी दुपारी दोनची लोकल पाहा, बसायला जागा मिळते! बँक, पासपोर्ट, आधारची दुरुस्ती, डॉक्टरांची अपॉइंटमेंट, मुलांच्या शाळेतली पालकसभा, सासऱ्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नेणं, यासाठी घरात ज्यांना रजा टाकावी लागते त्यांना विचारा. आमच्या घरातली अशी बरीचशी कामं वर्षानुवर्षं मीच करत आले आणि त्यासाठी रजा खर्ची पडली नाही.

सणांचं काय, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. सणावाराला विमानं जास्त भरून जातात, त्यामुळे रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, सण पाहत नाही. पण क्रूमध्ये स्वॅप असतो, म्हणजे ड्यूटीची अदलाबदल. दोघांची पात्रता तीच असावी लागते, उड्डाणाचे तास आणि विश्रांतीच्या मर्यादा सांभाळाव्या लागतात, कंपनीची मंजुरी लागते. हे सगळं जुळलं की मुंबई बेसवर एक सुंदर देवघेव चालते. गणेश चतुर्थीला माझी ड्यूटी वसईची किंवा वांद्र्याची एखादी ख्रिस्ती मैत्रीण घेते आणि २५ डिसेंबरला तिची मी करते. ईदला आम्ही उडतो, दिवाळीच्या पहाटे मुस्लिम सहकारी उडतात. कित्येक वर्षं एकाच मैत्रिणीबरोबर माझा असा करार चालू आहे, कधी लिहून ठेवावा लागला नाही. तिच्या घरचा दुधी हलवा आणि कलकल हा नाताळचा गोड खाऊ मला नाताळानंतर मिळतो, माझ्याकडचे उकडीचे मोदक तिच्यासाठी फ्रीजमध्ये राखून ठेवलेले असतात. दुसऱ्याचा सण आपल्या रोस्टरमध्ये सांभाळायचा, हे मला या नोकरीने शिकवलं. मुंबईत वाढूनही मला ते इतक्या जवळून माहीत नव्हतं.

आता ज्याची सगळ्यात जास्त चर्चा होते ते स्टाफ ट्रॅव्हल. हे फुकट नसतं. भाड्यात मोठी सवलत असते, पण विमानतळाचे आकार आणि कर द्यावे लागतात, आणि बहुतेक वेळा तिकीट सबलोड असतं. सबलोड म्हणजे भाडं भरलेल्या सगळ्या प्रवाशांना जागा देऊन खुर्ची उरली तरच तुम्हाला बोर्डिंग पास. काउंटर बंद होईपर्यंत बाजूला उभं राहायचं. जागा नसली तर पुढच्या विमानाची वाट पाहायची, तेही भरलं तर त्याच्या पुढच्या. इतर एअरलाइनशी करार असतील तर त्यांच्या विमानांतही अशाच सवलतीने जाता येतं. आईवडील, नवरा किंवा बायको, मुलं यांतलं कोण या सवलतीत बसतं आणि वर्षातून किती वेळा, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं.

ज्यांना हे तंत्र जमतं त्यांच्यासाठी मात्र जग उघडतं. मे महिना, दिवाळी, नाताळ आणि शुक्रवार संध्याकाळचं गोवा, हे विसरून जायचं. मंगळवार-बुधवारची दुपार शोधायची. सकाळी अगदी लवकरच्या विमानाला न येणारे प्रवासी बऱ्याचदा असतात, तिथे जागा निघते. सामान हातात मावेल इतकंच घ्यायचं, म्हणजे आयत्या वेळी विमान बदलता येतं. कुणाचं लग्न किंवा परीक्षा गाठायची असेल तर सबलोडवर अजिबात विसंबायचं नाही, सरळ पैसे भरून पक्कं तिकीट काढायचं. नीटनेटके कपडे घालायचे, शेजारच्या प्रवाशाला आपण किती कमी पैशांत आलो हे सांगायचं नाही, आणि काउंटरवरच्या माणसाशी एक शब्दही चढ्या आवाजात बोलायचा नाही. घरच्यांच्या वागण्यामुळे कर्मचाऱ्याची सवलत बंद होऊ शकते, म्हणून ताई, हे तुम्हालाही लागू आहे.

माझे बाबा निवृत्तीनंतर यात इतके तयार झाले, की मला फोन करून आधी तब्येत विचारत नसत, ‘उद्या गुवाहाटीचा लोड काय म्हणतोय?’ असं विचारत. लोड म्हणजे किती तिकिटं गेली. आईबाबांनी या सवलतीवर कामाख्या पाहिलं, अमृतसर पाहिलं, मदुराई पाहिली. त्यांच्या पेन्शनमध्ये यातलं एखादंच जमलं असतं. पहिल्यांदा विमानात बसताना आईने माझा हात धरला होता, पुढे ती विमानतळावर इतर आज्यांना सरकत्या जिन्यावर कसं पाऊल टाकायचं ते दाखवायची. नोकरीने मला दिलेल्या गोष्टींत याला मी फार वरचं स्थान देते.

फिरण्याबद्दल एक गैरसमज दूर करते. खूपशी उड्डाणं टर्नअराउंड असतात, म्हणजे जायचं आणि त्याच विमानाने परत यायचं. अनेकदा दुबई, मस्कत अशीच होतात, दाराबाहेर पाऊलही पडत नाही. लेओव्हर, म्हणजे परगावी मुक्काम, मिळतो तेव्हा आधी झोप काढायची असते. पण त्याच शहरात पुन्हा पुन्हा जाणं होतं आणि तिथेच गंमत आहे. पर्यटक एकदाच येतो, म्हणून त्याला सगळं पाहायची घाई असते. आम्हाला ती नसते. कोलकात्यात हावडा पुलाखालच्या मल्लिक घाटावर फुलांचा बाजार पहाटे भरतो, झेंडूच्या माळांची भेंडोळी डोक्यावरून जात असतात. दादरचं फूलमार्केट पाहत वाढलेल्या माणसाला तिथे अगदी आपलं वाटतं. गुवाहाटीला ब्रह्मपुत्रेच्या काठावर उजान बाजारात सकाळी होड्यांतून मासळी उतरते. लंडनला हीथ्रोजवळ साउथहॉलच्या दुकानांत कढीपत्ता घेताना पंजाबी मावशी भाव कमी करून देतात. स्थळदर्शनाच्या यादीत यातलं बरंच नसतं. शिवाय लेओव्हरचा भत्ता वेगळा मिळतो. जपून खर्च करणाऱ्या मुलींनी त्यातून आपल्या भावंडांची शिक्षणं केलेली मी पाहिली आहेत.

खिडकीबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर इंद्रवज्र दिसावं म्हणून लोक पावसाळ्यात तासन्‌तास थांबतात. मला ते विमानातून कितीतरी वेळा दिसलं आहे. खाली ढगांची चादर आणि सूर्य पलीकडच्या बाजूला असला, की विमानाची सावली ढगावर पडते आणि तिच्याभोवती रंगांची पूर्ण गोल कडी उमटतात. सूर्याच्या विरुद्ध बाजूच्या खिडकीतून पाहायचं, एवढं तुमच्या मुलीला सांगून ठेवा. पूर्वेकडून मुंबईत उतरताना ठाण्याची खाडी लागते, मग घाटकोपरच्या टेकडीवरची दाट वस्ती इतकी जवळ येते की गच्चीवर वाळत घातलेले कपडे दिसतात. जुलैत त्या सगळ्या छपरांवर निळी ताडपत्री असते. सह्याद्रीवरून जाताना ढगाला फट पडली तर घाटमाथ्यावरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा सुटलेल्या दिसतात. उत्तरेकडच्या लांब पल्ल्याच्या रात्री कधी हिरवा ध्रुवीय प्रकाशही दिसतो. पायलट आतून फोन करून सांगतात, ‘डावीकडे बघा,’ आणि आम्ही गॅलीतला, म्हणजे विमानातल्या छोट्या स्वयंपाकघरातला, दिवा मालवून दाराच्या छोट्या काचेला डोळे लावतो.

त्या रात्रींचं आणखी एक देणं आहे. लांबच्या विमानात प्रवासी झोपले की गॅलीत दोघी-तिघीच जाग्या असतात. कालपर्यंत अनोळखी, उद्यापासून कदाचित वर्षभर गाठ नाही. अशा वेळी माणसं मन मोकळं करतात. घटस्फोट, कर्ज, मूल न होणं, घरातून होणारा विरोध, सगळं बोललं जातं आणि ते त्या गॅलीबाहेर जात नाही. म्युच्युअल फंडाची एसआयपी म्हणजे काय हे मला एका मणिपुरी सहकारिणीने ट्रॉल्या मोजता मोजता समजावलं. थायरॉइडची तपासणी करून घे, असं एका सीनियर बाईंनी बजावलं, म्हणून माझा आजार वेळेत कळला. देशाच्या प्रत्येक कोपऱ्यातल्या माणसांकडून असं काही मिळत राहतं.

तोटे नाहीत का? आहेत, आणि ते शरीरावर येतात. केबिनमधली हवा फार कोरडी असते, आर्द्रता बहुतेक वेळा २० टक्क्यांच्याही खाली. हवेचा दाब ८,००० फुटांपर्यंतच्या उंचीवर असतो तितपत ठेवलेला असतो, आणि आपलं कळसूबाई साडेपाच हजार फुटांच्या आत आहे. त्या हवेत तासन्‌तास उभं राहून जड ट्रॉल्या ढकलायच्या. पाणी सतत प्यावं लागतं, पाठीचे व्यायाम पहिल्या वर्षापासूनच करावे लागतात, सर्दी झाली असेल तर उडायचं नाही, नाहीतर कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते. पहाटे तीनचा पिकअप असेल, म्हणजे कंपनीची गाडी तेव्हा न्यायला येणार असेल, तर संध्याकाळी सातला झोपावं लागतं, आणि त्या वेळी घरात टीव्हीचा आवाज कमी ठेवायचं काम तुमचं. उड्डाणाआधी श्वासाची चाचणी होते आणि अल्कोहोल अजिबात चालत नाही, त्यामुळे खोकल्याचं औषध आणि माउथवॉशसुद्धा लेबल वाचून घ्यावं लागतं. ही शिस्त ज्या मुली मनापासून स्वीकारतात त्यांची तब्येत पन्नाशीतही उत्तम राहिलेली मी पाहते.

हो, पन्नाशीत. ‘लग्न झालं की नोकरी संपली’ असं तुमच्या घरातली वडील मंडळी म्हणत असतील, तर ते कुठल्या काळातलं आहे ते सांगते. एअर इंडियाच्या नियमात पहिल्या गरोदरपणातच नोकरी संपण्याचं कलम होतं. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढल्या आणि १९८१ मध्ये न्यायालयाने ते कलम रद्द केलं. आज गरोदरपण कळताच उड्डाण थांबतं, ते बाळाच्या आणि आईच्या सुरक्षिततेसाठी. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने आहे, आणि नंतर वैद्यकीय तपासणी आणि उजळणीचं ट्रेनिंग करून पुन्हा उडता येतं. मी स्वतः तशीच परत आले. पुढे शिकवणं आहे, सुरक्षा विभाग आहे, क्रूचं नियोजन आहे. या क्षेत्राबाहेर रुग्णालयं आणि हॉटेलंही अशा माणसांना आनंदाने घेतात.

सही करण्याआधी मुलीने काही गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. बाँड आहे का आणि मधेच सोडलं तर किती पैसे भरावे लागतील. उड्डाणाचा भत्ता कुठल्या क्षणापासून मोजतात, कारण बऱ्याच ठिकाणी तो विमान जागेवरून हलल्यापासून धरतात आणि पावसाळ्यात मुंबईत दार बंद करून दोन तास थांबावं लागलं तर तो वेळ त्यात येत नाही. स्टाफ ट्रॅव्हल प्रोबेशनमध्येच मिळतं की नंतर, आणि त्यात आईवडील आहेत का. आणि पिकअपची हद्द कुठपर्यंत आहे. डोंबिवली त्या हद्दीत बसत नसेल तर पहाटेच्या ड्यूटीला रात्री लोकल बंद असताना पोचणं हा मोठा प्रश्न होतो. बऱ्याच मुली म्हणून मरोळ, वाकोला, कलिना भागात तिघी-चौघी मिळून घर घेतात, त्याचं भाडं पगारातून वजा करूनच हिशेब मांडा. निवडीसाठी, गणवेशासाठी किंवा ‘फाइल पुढे सरकवण्यासाठी’ कुणी आगाऊ पैसे मागत असेल तर एक रुपयाही देऊ नका, आधी कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरच्या करिअर विभागातून खात्री करा.